भावकाचे गाव

काव्यपुरुषाचे लग्न वाशीममध्ये लागले, असे राजशेखर सांगतो. ‘काव्यमीमांसा’ हा त्याचा ग्रंथ इसवी सन ९०० च्या आगेमागेचा. तो कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारात होता, पण घराणे महाराष्ट्रातले आणि वाणीचा ओढा विदर्भाकडे. ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात त्याने एक कथा घातली आहे. सरस्वतीला ब्रह्मदेवाच्या सभेत एका वादाचा निवाडा करायला बोलावणे येते. मुलगा काव्यपुरुष मागे लागतो, ती त्याला नेत नाही, आणि तो रुसून चालू लागतो. त्याचा सवंगडी कुमार रडू लागतो. तेव्हा कुमाराची आई गौरी विचार करते, की प्रेमाइतके पक्के बंधन दुसरे नाही. ती साहित्यविद्येला निर्माण करते आणि सांगते, जा, त्याच्या मागे जा आणि त्याला परत आण.

साहित्यविद्या निघते. पूर्वेकडे, मग पांचालात, मग अवंतीत, मग दक्षिणेत. जिथे जाईल तिथला वेष ती घेते, तिथले नृत्य करते, तिथल्या चालीने बोलते. सुरुवातीला काव्यपुरुष ढिम्म हलत नाही, त्याची भाषा लांबलचक समासांनी जड झालेली असते. हळूहळू ती सैल होते, गोड होते. शेवटी विदर्भात मदनाचे क्रीडास्थान असलेल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम.

कलासमीक्षेच्या वाटेवर नव्याने पाऊल ठेवणाऱ्या वाचकासाठी, आणि त्यातही वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहा तालुक्यांतल्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहिताना मला या कथेपासूनच सुरुवात करावीशी वाटली. तिच्यात स्थानिक अभिमानाला जागा आहे आणि तो अभिमान मी लपवत नाही. पण त्याहून मोलाचे असे काही तिच्यात आहे. इथे शास्त्र उंच आसनावर बसून निकाल देत नाही. ते कलेच्या मागे पायी चालते. प्रदेश बदलला की आपला वेष बदलते, आणि समोरच्याने बरेच दिवस दाद दिली नाही तरी वाट सोडत नाही. समीक्षेचे इतके जिवंत वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार करतो. एक कारयित्री, जी कवीला लिहायला लावते. दुसरी भावयित्री, जी वाचणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, पाहणाऱ्याला कवीचे श्रम आणि हेतू उमगून घ्यायला समर्थ करते. म्हणजे समीक्षकाकडे असते तीही प्रतिभाच. कवीकडून उसना घेतलेला उजेड तिला लागत नाही. ज्याच्याकडे ही प्रतिभा असते त्याला तो भावक म्हणतो आणि भावकांचे चार प्रकार सांगतो. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो धान्याबरोबर गवतही खातो, म्हणजे समोर आले ते सगळे वाखाणतो. मत्सरी, ज्याला गुण दिसतात पण तोंडातून निघत नाहीत. आणि तत्त्वाभिनिवेशी, ज्याचे सगळे लक्ष समोरच्या कृतीत काय आहे याकडे असते. हा चौथा हजारांत एखादा, असेही तो बजावतो. आजच्या कोणत्याही चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला जाऊन उभे राहा, पहिले तिघे दहा मिनिटांत भेटतील. राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही ग्रंथात नावानिशी नोंदवतो आणि बायकांनाही कवित्व असते हे स्वच्छ सांगतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलींनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

राजशेखर कवितेबद्दल बोलतो, आपण चित्र-शिल्पाबद्दल बोलणार आहोत. ही उडी मनमानी नाही. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तल्या चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतो, की नृत्य कळल्याशिवाय चित्र कळायचे नाही. आणि त्याच चित्रसूत्रात पाहणाऱ्यांचीही वर्गवारी आहे. आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणकार छायेची, स्त्रिया अलंकारांची, बाकीचे लोक रंगांच्या श्रीमंतीची. स्त्रियांना अलंकारांपाशी थांबवणे मला मान्य नाही. पण एकाच चित्रासमोर चार माणसे चार चित्रे पाहतात, ही जाण आपल्याकडे किती जुनी आहे ते यातून दिसते.

वाशीमचा चित्रकलेशी असलेला संबंध कथेपुरता नाही, तो ताम्रपटात आणि शिलालेखात आहे. १९३९ साली वाशीममध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्याच्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र, काही भाग संस्कृतात आणि बराचसा प्राकृतात. तोपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म नावाची स्वतंत्र शाखा होती हे इतिहासकारांना ठाऊक नव्हते. ताम्रपट हाती आल्यावर अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातला लेख पुन्हा नीट लावता आला. वा. वि. मिराशींनी नागपूरला बसून हे काम केले. त्यांचे ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे मराठी पुस्तक १९५७ चे, आणि वाकाटकांच्या कोरीव लेखांचा इंग्रजी खंड १९६३ चा. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता, त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य पुढच्या काव्यशास्त्रज्ञांनी वारंवार उल्लेखिले. आणि वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ हे या गावावरून आलेले नाव होते. राजशेखराने ते आपल्या ‘कर्पूरमंजरी’त वापरले आहे.

या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने १६वे लेणे खोदवून भिक्षुसंघाला दिले. तिथल्या लेखाचा शेवटचा भाग कलासमीक्षेच्या विद्यार्थ्याने लक्ष देऊन वाचावा, कारण तिथे लेणे करवून घेणाऱ्याच्याच बाजूने लेण्याचे वर्णन आले आहे. खिडक्या, दरवाजे, सुंदर चित्रवीथी, इंद्राच्या अप्सरांच्या मूर्ती, पाण्याचे टाके आणि नागराजाचे स्थान. वाघूर नदीकडून वर येणाऱ्या वाटेवर त्या लेण्याखालीच नागराज आजही कोनाड्यात बसलेला दिसतो. लेखातला शब्द आणि दगडातली मूर्ती यांचा ताळा आपल्याला स्वतः पाहता येतो. इथून शिकायचे ते हे, की वर्णन जितके नेमके तितके ते टिकते. वराहदेवाच्या लेखात ‘भव्य’, ‘दिव्य’ अशी विशेषणे आहेतच, पण पंधराशे वर्षांनी आपल्या उपयोगाला येतात ते नागराज, टाके आणि चित्रवीथी हे शब्द.

अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातले अध्यापक वॉल्टर स्पिंक यांनी या लेण्यांना सगळी हयात वाहिली. १९५० च्या दशकात ते पहिल्यांदा इथे आले आणि २०१९ मध्ये वारले तोवर अजिंठ्याबद्दल लिहीत, लेण्यांत विद्यार्थ्यांना घेऊन शिकवत राहिले. त्यांचे म्हणणे असे, की महायान काळातले जवळजवळ सगळे काम हरिषेणाच्या राजवटीत, म्हणजे सुमारे ४६० ते ४८० च्या दरम्यान, अवघ्या वीसेक वर्षांत झाले. राजा गेल्यावर ते एकाएकी थांबले. हे म्हणणे सगळ्यांनी मान्य केलेले नाही. हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याला गंभीर हरकती घेतल्या आहेत. मला स्वतःला वीस वर्षांचा तो आकडा फार आखडता वाटतो. तरी स्पिंक यांची पद्धत पाहिली की मान लवते. भिक्षूंच्या खोल्यांच्या दरवाजांना फळी बसवताना बिजागरीसाठी जी भोके आणि खाचा पाडत, त्या कशा बदलत गेल्या हे त्यांनी खोलीमागून खोली तपासले आणि त्यावरून कोणते काम आधीचे, कोणते नंतरचे याचा क्रम लावला. जगातल्या सुंदरात सुंदर चित्रांच्या शेजारी उभे राहून हा माणूस दाराची भोके पाहत होता. पाहण्याची ही तयारी असल्याशिवाय या विद्येत कोणी फार पुढे जात नाही.

आता चित्राकडेच वळू. १६व्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर एक दृश्य आहे. उंच बैठकीवर एक स्त्री कलली आहे. मान एका बाजूला झुकली आहे, पापण्या अर्ध्या मिटल्या आहेत, हात गळून पडल्यासारखे. मागून एक दासी तिला सावरते आहे. दुसरी तिचा हात हातात घेऊन तोंडाकडे पाहते आहे. एक पंखा धरून उभी आहे, पण वारा घालण्याकडे तिचे लक्ष नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यांना या स्त्रीच्या चेहऱ्यात मृत्यू दिसला. मरणोन्मुख राजकन्या हे नाव त्यामुळे रूढ झाले, आणि भावदर्शनात या चित्राला युरोपातल्या थोर चित्रकारांनीही मागे टाकले नसते असे ते लिहून गेले.

पुढच्या अभ्यासकांनी याच चित्रात एक माणूस मुकुट घेऊन उभा असल्याकडे बोट दाखवले. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याची कथा ज्याला माहीत आहे त्याला हा मुकुट ओळखता येतो. बुद्धाचा भाऊ नंद भिक्षू झाला, त्याने उतरवलेला मुकुट घरी पोचला आहे, आणि त्याची बायको सुंदरी तो पाहून कोसळली आहे. ती मरत नाही. तिचा नवरा जिवंत आहे आणि तरी कायमचा गेला आहे. एक मुकुट दिसला आणि चित्राचा अर्थ फिरला. ग्रिफिथ्स यांचे पाहणे खोटे होते असे मी म्हणणार नाही, त्यांनी चेहरा अचूक पाहिला. फक्त चेहऱ्यावर थांबले. आणि ज्यांनी केवळ कथा ओळखली व चेहऱ्याकडे वळून पाहिले नाही, त्यांच्या लेखांत ते चित्र एखाद्या पोथीतल्या आकृतीसारखे कोरडे पडले आहे. मला वाटते, या क्षेत्रातले बरेचसे भांडण या दोन प्रकारच्या पाहणाऱ्यांमधलेच आहे, आणि चांगला समीक्षक दोघांचे काम एकट्याने करतो.

ग्रिफिथ्स यांनी करून घेतलेल्या प्रतींचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. त्यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या प्रती केल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळ प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. जे हात युरोपीय पद्धतीचे रेखाटन शिकले, तेच हात वत्सगुल्माच्या राजवटीतल्या रेषेवरून फिरले. आधुनिक मराठी चित्रविचाराची एक मुळी या अंधाऱ्या लेण्यांत आहे.

विसाव्या शतकात मराठीतला सौंदर्यविचार एकदम भरात आला. बा. सी. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ चे. त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल यांच्या लयीवर सगळ्या कलांचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे, मग प्रभाकर पाध्ये, रा. भा. पाटणकर यांनी हा वाद पुढे नेला. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ ची. हे सगळे वाचले पाहिजे, पण हे मुख्यतः साहित्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अंगाने चाललेले बोलणे होते. समोर चित्र टांगलेले नव्हते.

चित्र समोर टांगून, मूर्ती समोर ठेवून बोलणारा माणूस म्हणजे द. ग. गोडसे. समीक्षक आणि अध्यापक अशी दुहेरी कारकीर्द मराठीत कोणाची पाहावी असे कोणी विचारले, तर माझ्या तोंडी त्यांचेच नाव येते. जन्म ३ जुलै १९१४, जळगाव जिल्ह्यातल्या वाढोद्याचा. शालेय शिक्षण सावनेरला, बी. ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. म्हणजे नजर घडली ती वऱ्हाड-नागपूरच्या उन्हात. पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये कलाशिक्षण झाले. परत आल्यावर त्यांनी मराठी रंगभूमीसाठी नेपथ्य आणि वेशभूषा केली, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतली चित्रे काढली, मुंबईत कलेच्या विद्यार्थ्यांना सौंदर्यशास्त्र शिकवले. पडदा किती उंच असला म्हणजे नट लहान दिसत नाही, कोणत्या काळात पगडीचा पीळ कसा होता, हे ज्याला रात्री तालमीत ठरवावे लागते त्याचे दुसऱ्या दिवशीचे व्याख्यान वेगळेच होणार.

त्यांचे ‘पोत’ १९६३ चे. वस्त्राच्या पोताची कल्पना त्यांनी कलाविचारात आणली. दगड असो, रंग असो वा शब्द, एखाद्या समाजाच्या राहणीचा, श्रमाचा, श्रद्धेचा स्पर्श कलाकृतीच्या अंगावर उमटतो आणि तो डोळ्यांनी चाचपता येतो, असा तो विचार आहे. मर्ढेकर कलाकृतीच्या आतल्या संबंधांकडे पाहतात, गोडसे कलाकृतीच्या कातडीकडे पाहतात आणि तिच्यावरून ती कोणत्या रानात वाढली ते ओळखतात. १९७२ साली ‘शक्तिसौष्ठव’ आले, १९८१ मध्ये ‘मातावळ’ आणि ‘समंदे तलाश’, १९८९ मध्ये ‘मस्तानी’. त्यांचा पल्ला मूर्तिशिल्पापासून मराठ्यांच्या इतिहासातल्या माणसांपर्यंत पोचतो. ५ जानेवारी १९९२ रोजी ते गेले. त्यांचे काही निष्कर्ष आज टिकणार नाहीत. तर्काची उडी ते कधी कधी फार लांब घेतात, आणि पुराव्याला जिथे थांबायला हवे तिथे त्यांची कल्पना धावत राहते. तरीही नवख्या वाचकाने पहिले पुस्तक कोणते घ्यावे, तर ‘पोत’. ते वाचल्यावर गावच्या देवळाच्या खांबाजवळून माणूस पूर्वीसारखा निघून जाऊ शकत नाही.

गोडशांच्या आसपास आणि नंतर मोठी माणसे झाली. ज्ञानेश्वर नाडकर्णी (१९२८–२०१०) यांनी वृत्तपत्रातल्या प्रदर्शन-परीक्षणाला मराठीत आणि इंग्रजीत प्रतिष्ठा दिली. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर ललित कला अकादमीने १९८३ मध्ये काढलेली पुस्तिका त्यांचीच. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, आणि जे. जे.मध्ये ज्यांच्या शिकवण्याची दंतकथा झाली ते शंकर पळशीकर भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे, हे विदर्भातल्या विद्यार्थ्याला सांगायला मला आवडते. संभाजी कदम चित्रकार, कवी आणि शिक्षक असे तिन्ही होते, आणि तिन्ही अंगांनी लिहीत. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये आले. चित्रकार स्वतःच्या मनातल्या आकारांकडे किती शांतपणे पाहू शकतो, याचा तो मराठीतला सर्वांत स्वच्छ नमुना आहे. पळशीकरांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांचे ‘कलेपासून कलेकडे’ त्याच वाटेवरचे. सतीश नाईक यांनी १९८७ मध्ये सुरू केलेले ‘चिन्ह’ हे कलाविषयक नियतकालिक, आणि सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड (२०१३) हे दोन आधार हाताशी ठेवावेत. कोशात पाहिल्याशिवाय कोणत्याही मराठी चित्रकाराची तारीख लिहू नये, असा मी विद्यार्थ्यांना दंडक घालतो.

एवढी परंपरा असूनही आमच्या मुलांपर्यंत ती पोचत नाही. वाशीम जिल्ह्यातली किती तरी मुले कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. तांब्या आणि वांगी मुले हुबेहूब काढतात, सावली कोणत्या बाजूला पडते ते जाणतात. पण समोरच्या चित्रात तुला काय दिसते ते दहा ओळींत लिही, असा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. हात घडतो, भावयित्री प्रतिभा उपाशी राहते. मग हीच मुले मोठी होऊन म्हणतात, मॉडर्न आर्ट आपल्याला कळत नाही. कळत नाही कसे? ज्वारीच्या कणसाकडे पाहून दाणा भरला की नाही हे ज्याला लांबून कळते, त्या डोळ्याला रंगाची घनता कळणार नाही हे मी मानत नाही. त्याला फक्त बोलायची सवय लागलेली नाही.

दुसरी अडचण सांगितली जाते ती अशी, की आमच्याकडे आर्ट गॅलरी नाही, मग समीक्षा कशाची करायची? या प्रश्नाला एका आयरिश माणसाने नकळत उत्तर देऊन ठेवले आहे. ब्रायन ओ’डोहर्टी (१९२८–२०२२) डब्लिनला डॉक्टरी शिकले, अमेरिकेत जाऊन ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे कलासमीक्षक झाले, शिकवले, चित्रे-मांडणशिल्पे केली. १९७२ साली डेरी शहरात ब्रिटिश सैन्याने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी कलाकार म्हणून ‘पॅट्रिक आयर्लंड’ हे नाव घेतले आणि २००८ पर्यंत चालवले. १९७६ मध्ये ‘आर्टफोरम’ मासिकात त्यांनी पांढऱ्या गॅलरीवर लेखमाला लिहिली. खिडकी नसलेली, बाहेरचा आवाज आत न येणारी ती पांढरी खोली निष्पक्ष नसते, असे त्यांनी दाखवून दिले. ती वस्तूला काळापासून आणि रोजच्या जगण्यापासून तोडते, आणि आत ठेवलेल्या कशालाही कला म्हणायला आपल्याला भाग पाडते. म्हणजे ज्या खोलीच्या अभावाची आम्हाला खंत वाटते, तिच्यातून बाहेर कसे पडावे याच विचारात तिकडचे जाणते लोक गेली पन्नास वर्षे आहेत.

आमच्याकडे वस्तू अजून जगण्यात आहेत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ, आणि जिल्ह्यात जागोजागी तांडे आहेत. बंजारा बायकांची एखादी जुनी कांचळी, म्हणजे चोळी, हातात घेऊन पाहा. त्यावरच्या आरशांना भोक नसते, त्यामुळे सुई त्यांतून जात नाही. आधी आरशावर धाग्यांची उभी-आडवी चौकट ताणतात आणि मग त्या चौकटीला गोल टाके घालत आरसा कापडाला आवळतात. उलटी बाजू पाहिली की करणारीचा हात कळतो, गाठी कुठे आहेत, धागा कुठे संपला आणि दुसरा कुठे जोडला. कवड्या कडेला येतात, कारण त्यांचे वजन कडेला खाली ओढून धरते. ज्या भागावर घागरीचा किंवा लेकराचा भार पडतो तिथले आरसे गेलेले असतात आणि त्या जागी वेगळ्या रंगाचा धागा दिसतो. हा सगळा त्या वस्तूचा पोत आहे. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत नंगारा संग्रहालय सुरू झाले. आता अशा वस्तू काचेआड जातील, जपल्या जातील, ते चांगलेच. पण काचेआड उलटी बाजू दिसत नाही. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी आत्ताच लिहून ठेवली पाहिजे, आणि लिहिताना टाक्यांची नावे विद्यापीठातल्या पुस्तकातली न घेता तांड्यातल्या आजी जी गोरबोलीत घेतात तीच घ्यावीत. आजीचे नाव घालायचे की नाही ते तिला विचारून ठरवावे.

हेच कारंज्याला लागू. तिथल्या जैन भांडारांत जपलेल्या हस्तलिखितांमधून हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये प्रकाशात आणली, आणि त्यातून मराठीच्या आधीच्या भाषेचा एक मोठे दालनच उघडले. भाषेच्या अभ्यासकांनी आपला वाटा उचलला. त्या पोथ्यांचे अक्षर, ओळींमधली मोकळी जागा, कागदाचा रंग, लाल शाईचा उपयोग, यांकडे चित्राच्या नजरेने पाहणारे अजून थोडे आहेत. शिरपूरच्या पवळी मंदिराचा दगड, वाशीमच्या बालाजी मंदिराचा परिसर, पोळ्याला बैलांच्या अंगावर उमटवलेले ठसे, या सगळ्यांवर बारकाईने लिहिलेली पाच-दहा पाने मला हवी आहेत आणि ती मिळत नाहीत. श्रद्धेने लिहिलेली माहिती भरपूर मिळते. तिचा मी आदर करतो, पण तिच्यात मूर्तीची उंचीसुद्धा नसते.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याला मी घाईने सिद्धान्त शिकवत नाही. आधी एक वस्तू निवडायला सांगतो, घरापासून पायी जाता येईल अशी. तिच्यासमोर सकाळी आणि संध्याकाळी उभे राहायचे, कारण उजेड बदलला की कोरीव काम बदलते. माप घ्यायचे. काय आहे ते आधी लिहायचे, कसे वाटले ते नंतर. मग घरच्या, शेजारच्या, पुजाऱ्याच्या, कारागिराच्या तोंडून त्याच वस्तूबद्दल ऐकायचे आणि आपल्या टिपणाशी ताडून पाहायचे. त्यानंतर मिराशी, गोडसे, नाडकर्णी, बरवे वाचायचे. ते मग परके वाटत नाहीत, वादाला बसलेल्या वडीलधाऱ्यांसारखे वाटतात, आणि त्यांच्याशी मतभेद सांगायचे धैर्य येते. अजिंठ्याला जायचेच, पण शाळेच्या सहलीतल्या रांगेतून पुढे ढकलले न जाता, एका दिवशी एकच लेणे, आणि ते शक्यतो सोळावे. जिल्ह्यातल्या मुलाने ते आपल्या गावचे लेणे म्हणून पाहावे.

लेखन छापून येईल का, कुठे येईल, याची चिंता पहिल्या वर्षी करू नये. वही ठेवावी. प्रत्येक टिपणावर तारीख, वेळ, जागा आणि उजेड कोणत्या बाजूने होता ते घालावे. चित्रावर लिहीत असाल तर रंग कोणत्या प्रकारचा, कापड की कागद, कुठे तडे गेले, कुठे नव्याने रंग मारला आहे हे घालावे. मंदिराचा जीर्णोद्धार ठरला असेल तर काम सुरू होण्याआधी जाऊन यावे, कारण ऑइलपेंटचा एक हात बसला की खालची छिन्नी दिसेनाशी होते. आणि टिपण पूर्ण झाले की त्याची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्यावी, पावती घ्यावी, आणि पुढच्या वस्तूकडे वळावे.